पोळपाटावरचा लॅपटॉप

यंदा आमच्या साताऱ्यातही कूलर आला. एके काळी ही काय चीज असते ते ठाऊक नसलेलं आमचं गाव, पण आता गल्लीत चार घरांच्या खिडक्यांना ती पत्र्याची पेटी लटकलेली दिसते. परवा दुपारी ह्यांनी, म्हणजे आमच्या यजमानांनी, त्यात पाणी भरलं, बटण दाबलं, आणि वाळ्याचा तो ओला, मातकट वास खोलीत शिरला मात्र, मी हातातलं काम टाकून उभी राहिले. उजव्या हाताची करंगळी आपसूक अंगठ्याकडे वळली, टेकते का बघायला. माझी टेकते हो. माझ्या करंगळीला कधीच काही झालं नव्हतं.

“काय गं, काय झालं?” ह्यांनी विचारलं.

“आधी मागची खिडकी उघडा,” मी म्हटलं.

ते हसले. मी कुठे जाऊन पोचले ते त्यांच्या बरोबर लक्षात आलं. त्यांना तो मे महिना आता हसण्यावारी नेता येतो. मला अजून येत नाही.

मी मुळातच काळजीखोर बाई. गाडी सुटायच्या दीड तास आधी फलाटावर जाऊन बसणारी. फोन दोनदा वाजून बंद पडला, तर तिसऱ्यांदा वाजेपर्यंत माझे सगळे म्हातारे नातेवाईक मनातल्या मनात आजारी पडून झालेले असतात. माहेरी मला ‘धास्तीबाई’ म्हणायचे. अशा बाईच्या नवऱ्याची विमा कंपनीत नोकरी असावी, हेही नवलच! रोज संध्याकाळी घरी येऊन ते काय काय अपघात झाले ते सांगणार, आणि मी ते ऐकून रात्रीचा गॅस तीनदा तपासणार.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात त्यांची बदली जयपूरला झाली. आदर्श नगरात तळमजल्यावर आम्हाला घर मिळालं. वरच्या मजल्यावर घरमालकीण कमलाजी, पासष्टीच्या, आवाज खणखणीत, जिन्यातूनच बोलत बोलत उतरणाऱ्या. आमची एकुलती एक गार्गी तेव्हा बारा वर्षांची. चार महिन्यांत ती फर्डं हिंदी बोलायला लागली आणि घरातल्या मराठीतही दर वाक्याला ‘मतलब’ पेरायला लागली. मला मात्र भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा आधी मनात वाक्य जुळवावं लागायचं.

मग संक्रांत आली. जयपूरची संक्रांत म्हणजे पतंग. अख्खं शहर गच्चीवर. मी तिळगुळाची वाटी घेऊन जिन्याच्या तळाशी उभी होते, वरून ‘वो काटा’ अशी आरोळी उठली, आणि कापलेल्या पतंगामागे धावत सुटलेली गार्गी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवरून गडगडत माझ्या पायाशी येऊन पडली. उजवा हात अंगाखाली. तिळगूळ सगळ्या जिन्यात. कोपर आणि मनगटाच्या मधली दोन्ही हाडं मोडली होती. प्लास्टर झालं, हाड वाकडं जुळलं, मार्चमध्ये ऑपरेशन, पुन्हा प्लास्टर. वार्षिक परीक्षा तिने लेखनिक घेऊन दिली. एप्रिलच्या शेवटी प्लास्टर कापलं तेव्हा आत तिचा हात नव्हताच. एक सुकलेली, पांढुरकी काठी होती आणि तिच्या टोकाला पाच ताठ बोटं. त्यातली शेवटची दोन तर जागची हलायलाच तयार नाहीत.

हाडांच्या डॉक्टरांनी टेबलावर हात ठेवून घेतला आणि सांगितलं, “मुट्ठी बंद होनी चाहिए. जून के आखिर तक देखेंगे. नहीं हुई तो फिर से बेहोश करके खोलना पड़ेगा.” आणि मग जरा थांबून, “तब भी पूरी गारंटी नहीं है.”

झालं. मी तिथेच देव पाण्यात घातले. आठ आठवडे. आठ आठवड्यांत मूठ मिटली तर मिटली, नाहीतर पुन्हा ते पांढरे दिवे, पुन्हा ती भूल, आणि लेकीचा उजवा हात आयुष्यभर अर्धवट.

व्यायामासाठी स्पंजचा चेंडू दिला होता. तो पलंगाखाली गेला. कणीक मळायला दिली, तिने डाव्या हाताने मळली. दुखायचंच तिला, खोटं कशाला बोलू. पण दुखण्यापेक्षा ती त्या बोटांवर रागावली होती. त्यांच्याकडे बघायचीच नाही. डॉक्टरांना मी हे सांगितल्यावर ते वैतागून म्हणाले, “तो कुछ भी कराइए. हारमोनियम, टाइपिंग, वीडियो गेम. उँगली को काम चाहिए, बस.”

व्हिडिओ गेम म्हटल्याबरोबर त्या काठीच्या मालकिणीने मान वर केली. कितीतरी दिवसांनी.

साताऱ्याला असताना तिच्या काकाने टीव्हीला जोडायचं एक गेमचं मशीन दिलं होतं, डिस्क घालून चालवायचं. त्यात पाठीवर पोतं घेतलेला एक जाडा उंदीर होता. गच्च्यांवरून उड्या मारत धान्य गोळा करत जायचा. गार्गी आणि तिची चुलत बहीण त्याला ‘पोत्या’ म्हणायच्या. सामान हलवताना ते मशीन मेलं. डिस्क तेवढी शाबूत होती, तिच्या कंपासपेटीत, रुमालात गुंडाळलेली.

मग कळलं की एम्युलेटर नावाचा एक प्रोग्राम असतो. तो लॅपटॉपला त्या जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावतो, की बाबा, आता तू लॅपटॉप नाहीस, तू ते टीव्हीचं मशीन आहेस. ह्यांचा एक साधासुधा लॅपटॉप होता, पत्रं लिहायला आणि विम्याचे तक्ते करायला घेतलेला. त्यावर आम्ही हे सोंग चढवलं. पोत्या पडद्यावर आला. गार्गी हसली. आणि मी एक चलाखी केली. मी लग्नाआधी टायपिंगची परीक्षा दिलेली बाई. उजव्या करंगळीखाली कोणती की येते ते मला झोपेतही सांगता येईल. एम्युलेटरमध्ये कोणत्या कीने काय व्हावं ते आपल्याला ठरवता येतं. मी पोत्याची उडी नेमकी त्या करंगळीच्या कीवर नेऊन ठेवली. आता उडी मारायची तर करंगळी हललीच पाहिजे! स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की त्या दिवशी शिरा केला.

पण पोत्या उडेना. म्हणजे उडायचा, उशिरा. खेळाचं संगीत सेल संपत आलेल्या टेपसारखं ताणलं जायचं, पोत्याचे पाय चिखलातून चालल्यासारखे पडायचे. गार्गी दात चावून करंगळी दाबायची, आणि पोत्या विचार करून, सावकाश, गच्चीच्या कडेवरून खाली. धुस्स.

“आई, माझं बोट वेळेवर पोचत नाही.”

“अगं, बोट पोचतंय. लॅपटॉप हळू आहे.”

“नाही. मतलब, बोटच खराब आहे.”

बोट हळू की मशीन हळू, हे तिला कळायला काही मार्गच नव्हता. आणि मशीनचा सगळा दोष ती आपल्या बोटाच्या माथी मारत होती. दोन दिवस असं झालं असतं तर तिने तोही खेळ पलंगाखाली टाकला असता. म्हणून मी ठरवलं, बोटाचं बोट बघेल, हे मशीन मी पळवणार.

त्या मे महिन्यातल्या दुपारी आठवतात. बाहेर लू, म्हणजे भाजून काढणारा गरम वारा. रस्त्यावर कुत्रं नाही. दाराची कडी बाहेरून हात लावला तर भाजायची. दुपारनंतर कधी एकदम आभाळ पिवळं व्हायचं आणि आँधी यायची, की धावत जाऊन दारं लावायची, तरी जेवणाच्या ताटात वाळू करकरायचीच. आणि अशा दुपारी मी, साताऱ्याच्या कन्या शाळेत मराठीत शिकलेली बाई, मांडीवर शब्दकोश घेऊन इंटरनेटवर इंग्रजीत वाचत बसलेली. जगभरची पोरं एकमेकांना सांगत होती, प्रोसेसरला जोर कसा द्यायचा, फुकट खाणारे प्रोग्राम कसे बंद करायचे. मी वहीत उतरवून घेत होते. वहीच्या पहिल्या पानावर मी ‘श्री’ काढला होता.

त्या वहीबरहुकूम मी काय काय केलं! लॅपटॉप विजेची बचत करत होता, ती बंद करून त्याला सांगितलं की पूर्ण ताकदीने चाल, शंभर टक्के. काचेसारख्या दिसणाऱ्या त्या सगळ्या नक्षीदार खिडक्या काढून टाकल्या. मागचं देवीचं चित्रही काढलं, मनातल्या मनात माफी मागून. कोणता प्रोग्राम किती प्रोसेसर खातो ती यादी उघडली आणि एकेकाला हाकलायला सुरुवात केली. त्यात एकदा भलत्यालाच हाकललं. पडदा कोरा. नुसता निळा. मी अशी किंचाळले की वरून कमलाजींनी विचारलं, “साँप निकला क्या?” ह्यांना ऑफिसात फोन केला. ते म्हणाले, “बटण बंद करून परत चालू कर.” तसं केलं, सगळं परत आलं. पण पुढचा तासभर मी त्या यादीकडे फिरकले नाही.

इतकं करूनही पोत्याची तीच गत. पहिली पाच मिनिटं टुणटुण उडायचा. मग पाय जड. दिवे गेले की तर विचारूच नका. बॅटरीवर गेलं की ते मशीन स्वतःहूनच ताकद कमी करायचं, आणि त्या उन्हाळ्यात दिवे रोज जायचे. पंख्याचा आवाज मंदावला की गार्गीच्या आधी माझा श्वास अडकायचा. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर जून जवळ येत होता.

कधी कधी वाटायचं, आम्ही तिघंही एम्युलेटरच झालो आहोत. घरात सातारा, दाराबाहेर जयपूर. ‘जी’ लावायला विसरले तर समोरचा दुखावेल का, ‘आप’च्या ऐवजी ‘तुम’ तर गेलं नाही ना तोंडातून, हे दिवसभर डोक्यात चालू. दुसऱ्याचं सोंग वठवायला दुप्पट ताकद लागते, आणि मग स्वतःचं साधं कामही संथ होतं. संध्याकाळी मी ह्यांच्याशी मराठीत बोलतानासुद्धा शब्द शोधत राहायचे. लॅपटॉपची मला कीव यायची ती त्यामुळेच.

शेवटी रिक्षा करून मालवीय नगरात एका दुरुस्तीवाल्याकडे गेले, लॅपटॉप बाळासारखा पोटाशी धरून. माथुरजी नावाचे गृहस्थ, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी काचेच्या काउंटरवर लॅपटॉप ठेवला, पोत्याला सुरू केलं. आणि पोत्या असा पळाला म्हणता! पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, एकदासुद्धा अडखळला नाही. डॉक्टरच्या दारात शिरल्याबरोबर तापलेल्या पोराचं अंग गार पडावं, तसं. मला तर रडूच आलं.

“घर पे ऐसा नहीं चलता,” मी म्हटलं. “सच में.”

“मानता हूँ मैडम,” ते शांतपणे म्हणाले. त्यांनी मशीन खोलून पंख्यातली चिमूटभर वाळू ब्रशने झाडली. “गरम हो जाता होगा. गरम होता है तो अपने आप धीमा पड़ जाता है, अपनी जान बचाने के लिए. आप ताकत बढ़ाती जाएँगी, वो और गरम होगा, और धीमा होगा. ठंडा रखिए इसको.”

थंड ठेवा. एवढंच ना! मी घरी आले आणि थंड ठेवायचा सपाटा लावला. कूलर सर्वांत वरच्या वेगावर. कूलर हा आमच्यासाठी नवाच प्रकार. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता: एवढी महागामोलाची गार हवा आत येते आहे, ती बाहेर जाता कामा नये. म्हणून मी खिडक्या लावल्या, जवळच्या बगरू गावच्या छापाचे जाड पडदे ओढले, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. तासाभरात खोलीत असं दमट झालं की भिंतीवरचं कॅलेंडर मऊ पडलं, मिठाला पाणी सुटलं, आणि अंगावरचे कपडे पिळून काढावेत असे झाले. आणि पोत्या? पोत्या पहिल्यापेक्षा हळू.

गार्गी उठली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

तेवढ्यात कमलाजी कैरीच्या पन्ह्याचा तांब्या घेऊन उतरल्या. दारातला टॉवेल पायाने सरकवला आणि उंबऱ्यातच थबकल्या.

“हाय राम! कमरा है कि धोबीघाट? बहनजी, पीछे की खिड़की खोलिए.”

“लेकिन लू आएगी…”

“कैसे आएगी? अंदर की हवा धक्का देगी ना उसको! कूलर हवा फेंकेगा और निकलने का रास्ता नहीं दोगी, तो वही हवा सड़ेगी. इतनी पढ़ी-लिखी होके!”

त्यांनी स्वतःच जाऊन मागची खिडकी सताड उघडली. मी डोळे मिटून घेतले, आता भट्टी आत येणार म्हणून. आली नाही. उलट खोलीतून एक झुळूक सरसरत निघाली, पडदा बाहेरच्या बाजूला फुगला, आणि माझ्या मानेवरचा घाम गार झाला. इतकं सोपं होतं ते. मी त्या झुळकीत उभी राहून पन्हं प्यायले, आणि पिता पिता माझी नजर पलंगावरच्या लॅपटॉपवर गेली.

लॅपटॉप गोधडीवर होता. माझ्या आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली, सात पदरी मऊ गोधडी. ऑपरेशनच्या टाक्यांच्या जागी लॅपटॉपची कड टोचू नये, हात मऊ जागेवर राहावा, म्हणून पहिल्या दिवसापासून मीच ती चौपदरी घालून लॅपटॉपखाली ठेवली होती. गार्गीचा हात मऊ जागेवर राहिला, आणि लॅपटॉप कमरेपर्यंत गोधडीत रुतला. मी त्याच्या पोटाखाली हात घातला. तवा. पोटाखालच्या ज्या जाळीतून त्याने हवा ओढायची, त्या जाळीच्या तोंडावर माझ्या आईच्या लुगड्याचा काठ दाबून बसला होता.

माथुरजींचं काउंटर काचेचं होतं. म्हणून तिथे तो बरा होता.

तीन आठवडे! तीन आठवडे मी एकीकडे त्याला शंभर टक्के पळ म्हणून दामटत होते, आणि दुसरीकडे मायेने त्याचं तोंड दाबत होते. मी गोधडी खसकन ओढली. खाली ठेवायला कडक काही सापडेना. स्वयंपाकघरात धावले, हाताला पोळपाट लागला, तीन पायांचा, साताऱ्याहून आणलेला. तो ठेवला, त्यावर लॅपटॉप. पोळपाट छोटा, त्यामुळे लॅपटॉपच्या कडा चारी बाजूंनी मोकळ्या. जाळी सगळी उघडी. वहीत आणखी एक वाक्य होतं, आधी न पटलेलं: शंभरऐवजी थोडं कमी ठेवा, टिकून चालेल. मी ऐंशीवर आणलं.

पोत्या पळायला लागला. पाच मिनिटं, दहा, अर्धा तास. संगीत एकदाही ताणलं गेलं नाही. गार्गी भिंतीकडून वळली.

“आई, आता पोळ्या कशावर लाटणार?”

“ओट्यावर!” मी ओरडले. पुढे महिनाभर आम्ही ओट्यावर लाटलेल्या नकाशांसारख्या पोळ्या खाल्ल्या. ह्यांना संध्याकाळी सगळं सांगितलं तेव्हा म्हणाले, “मे महिन्यात गोधडीत बसवलंस बिचाऱ्याला. मलाही बसवलं असतंस तर मी पण काम बंद केलं असतं.”

वाटलं, सुटलो. पण आता मशीन बरोबर चालत होतं, आणि तरी पोत्या पडत होता. आता दोष द्यायला काहीच उरलं नाही. मी तिच्या खांद्याशी उभी. “करंगळी… हं, करंगळी… थोडं आधी दाब… दुखतंय का? थांबायचं का? नको, थांबू नको.” ती एकदा दाबायची, मी दोनदा श्वास रोखायची. तिसऱ्या दिवशी तिने पोत्याला मधेच थांबवलं आणि पडद्याकडे बघतच म्हणाली, “आई, तू मागे उभी असतेस ना, तेव्हा मला श्वासच घेता येत नाही.”

मला पहिल्यांदा राग आला. मी एवढं रक्त आटवते आहे आणि ही! मग माझी नजर त्या उघड्या खिडकीकडे गेली. मी बाहेर आले, दार ओढून घेतलं, आणि जिन्याच्या तळाशी, तिळगूळ सांडला होता तिथे, जाऊन बसले.

तेव्हापासून रोज दुपारी माझी जागा ती. आतलं काही दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. टुणुक म्हणजे उडी, थप म्हणजे पाय टेकले, धुस्स म्हणजे पडला. पहिल्याच दिवशी, काय सांगू, टुणुक थप, टुणुक थप, टुणुक थप! एकदाही धुस्स नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी पदराने डोळे पुसले, उठून देवापुढे साखर ठेवली. मोटारसायकलवरून कुणी हात सोडून जावं तशी माझी लेक आत पोत्याला उडवत होती. तिच्या हाताकडे मी मुद्दाम बघत नव्हते, नजर लागेल म्हणून.

आणि पाचव्या दिवशी सगळं कोसळलं. टुणुक, धुस्स. टुणुक, धुस्स. धुस्स. धुस्स. मी ताडकन उठले. लॅपटॉप परत तापला? पोळपाट सरकला? की बोटं पुन्हा आखडली, सगळं उलटं फिरलं? जूनचे जेमतेम पंधरा-सोळा दिवस उरलेले. माझा हात दाराच्या कडीवर होता. आतून तिचा आवाज आला, स्वतःशीच, दात चावून: “चल. एक बार और.” मग धुस्स. मग परत, “चल, एक बार और.”

ती कडी माझ्या हातात किती वेळ होती कोण जाणे. माझ्यासारख्या बाईने ती कडी सोडली, हे माझ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम. मी परत जिन्यावर जाऊन बसले, आणि ते धुस्स ऐकत राहिले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. जेवण जात नव्हतं. ह्यांनी विचारलं तर मी म्हणायचे, उन्हामुळे. त्यांना सांगितलं असतं तर तेही घाबरले असते, आणि दोन घाबरलेली माणसं त्या जिन्यावर मावली नसती.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी भर दुपारी दिवे गेले. कूलर घरघरत थांबला. आतला आवाज बंद झाला, दार उघडलं, आणि गार्गी घामाघूम बाहेर आली. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ जिन्याखालच्या माठापाशी गेली, स्टीलचा पेला बुडवला, आणि उभ्या उभ्या घटाघटा पाणी प्यायली.

उजव्या हाताने.

पाचही बोटं पेल्याभोवती. करंगळी तळाशी, जराशी वाकडी, पण घट्ट.

माझ्या तोंडात किंकाळी तयार होती. मी ती गिळली. तिने पेला पालथा घातला, तोंड पुसलं आणि म्हणाली, “पोत्या शेवटच्या गच्चीवर पोचला होता, मतलब, एकच उडी राहिली होती. ही लाइट पण ना!” आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मूठ मिटायला सांगितली. मिटली. करंगळीच्या टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली, ती आजही आहे. ऑपरेशन नको म्हणाले. मी त्यांच्या टेबलावर डोकं टेकवून रडले, ते बिचारे ‘पानी पिलाओ, पानी पिलाओ’ करत राहिले.

तो लॅपटॉप कधीच भंगारात गेला. पोळपाट आहे. वहीही आहे, श्री काढलेली. गार्गी आता पुण्यात नोकरी करते, सबंध दिवस कीबोर्ड बडवते. गेल्या रविवारी आली होती. नव्या कूलरसमोर पलंगावर बसली, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. मी उठून आत गेले आणि पोळपाट आणून तिच्यापुढे धरला. ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला.

“आई,” ती पाणी पिऊन म्हणाली, “तुला एक सांगायचं राहिलंय. ते तू बाहेर जाऊन बसायला लागलीस ना, तेव्हा पहिल्याच दिवशी मी उडीची की बदलली होती. डाव्या हाताकडे घेतली होती.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी डाव्या हाताने खेळत होते. चार दिवस. मला वाटत होतं तू आत येशील, बघशील, ओरडशील. तू आलीच नाहीस. मग पाचव्या दिवशी माझी मलाच लाज वाटली आणि मी ती परत करंगळीवर नेऊन ठेवली. तेव्हा काय धडाधड पडत होता गं पोत्या! तुला ऐकू येत असेल ना?”

“यायचं,” मी म्हटलं.

म्हणजे ज्या आवाजाने मी डोळे पुसले तो डाव्या हाताचा होता, आणि ज्या आवाजाने मला जेवण जाईना, तो तिच्या करंगळीचा होता. तिने मांडीवरची उशी काढली, पोळपाट घेतला, आणि उजव्या हाताने लॅपटॉप त्यावर नीट बसवला. मी उठले, मागची खिडकी जरा आणखी उघडली, आणि देवघरात जाऊन देवापुढे चिमूटभर साखर ठेवली. त्या पडण्यांची राहिली होती.